चुन्यावरची आठ हजार पत्रे

प्राग सोडून रेल्वेने पूर्वेकडे निघाले की खोत्सेन जंक्शनवर गाडी बदलावी लागते. तिथून फाट्यावरची लहान गाडी रमतगमत लितोमिश्लला येते आणि तिथेच थांबते. पुढे रूळ नाहीत. गाव जेमतेम दहा हजार वस्तीचे. त्याचा मुख्य चौक मात्र गावाच्या मानाने अवाढव्य, लांबीला अर्ध्या किलोमीटरच्या आसपास, कमानींखालून सावलीत चालायची सोय असलेला. बोहेमियातून मोरावियाकडे जाणारी जुनी व्यापारी वाट इथून जायची, तिच्याच कडेने हे गाव वाढले. चौकातून वर चढणाऱ्या गल्ल्या टेकडीवर नेतात. तिथे तो रेनेसान्स राजवाडा उभा आहे, ज्यासाठी लोक वाट वाकडी करून इथवर येतात. 1999 साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. इटलीत घडलेला कमानींच्या सज्ज्यांचा वाडा आल्प्स ओलांडून इकडे आला आणि इथल्या हवामानात, इथल्या सरदारांच्या हौसेत त्याला जे रूप आले त्याचा हा उत्तम नमुना, असे त्या निवडीमागचे कारण. मला जे म्हणायचे आहे ते थोडे वेगळे आहे. या राजवाड्याच्या ज्या भिंतींची सर्वात जास्त छायाचित्रे काढली जातात, त्यांवरचे नक्षीकाम ठिकठिकाणी विसाव्या शतकात नव्याने कोरलेले आहे, आणि तरीही मी त्या भिंतींना अस्सल मानतो. किंबहुना तसे कोरले गेले म्हणूनच मानतो. हे पहिल्या फटक्यात कोणाला पटणार नाही, तेव्हा सावकाश मांडतो.

आधी बांधणाऱ्याबद्दल. व्रातिस्लाव पेर्नश्टेन हा बोहेमियाच्या राज्याचा चान्सेलर. सम्राट दुसरा मॅक्सिमिलियन याच्या सोबतीने वाढलेला, त्याच्याबरोबर स्पेन पाहून आलेला, आणि ‘गोल्डन फ्लीस’ हा हॅब्सबर्ग दरबारातला सर्वात मानाचा किताब मिळवणारा बोहेमियातला पहिला सरदार. बायकोही स्पेनची, मारिया मान्रिके दे लारा. 1567 साली लितोमिश्लची जहागीर त्याच्या पदरात पडली आणि पुढच्याच वर्षी जुन्या गढीच्या जागी काम सुरू झाले. ते 1581 पर्यंत चालले. आरंभी जोव्हान्नी बातिस्ता आओस्ताल्ली हा दरबारी स्थपती काम पाहत होता. 1575 मध्ये तो वारल्यावर उल्रिको आओस्ताल्लीने ते पुढे नेले. म्हणजे हात इटालियन, पैसा बोहेमियाचा आणि आवड माद्रिद-व्हिएन्ना फिरून आलेली. पैसा बोहेमियाचा म्हटले, पण बराचसा उसना होता. समकालीन लोक व्रातिस्लावला ‘देखणा’, ‘दिमाखदार’ अशा अर्थाचे विशेषण लावत, आणि तो दिमाख ऋण काढून साजरा केलेल्या सणाचा होता. वाडा पुरा झाला आणि दुसऱ्याच वर्षी धनी गेला, मागे कर्जाचा डोंगर ठेवून. 1631 साली घराण्यातला शेवटचा पुरुष लढाईत पडला आणि वंश खुंटला. जाता जाता एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिचा धागा थेट आपल्याकडे येतो. मारियाने स्पेनहून बरोबर आणलेली बाळ येशूची मेणाचा लेप दिलेली मूर्ती तिच्या मुलीने, पोलिक्सेनाने, 1628 साली प्रागच्या कार्मेलाइट मठाला दिली, अशी परंपरा आहे. नाशिकरोडला दर फेब्रुवारीत बाळ येशूची जी यात्रा भरते, तिथले रूप याच प्रागच्या मूर्तीचे. यात्रेला आलेला माणूस समोरच्या मूर्तीला नक्कल म्हणून हात जोडत नाही. अस्सल-नक्कल ही वाटणी वाटते तितकी सोपी नाही, एवढेच तूर्त नोंदवून ठेवतो.

आता भिंत. लांबून पाहिले तर राजवाडा घडीव दगडांचा वाटतो. एकावर एक रचलेले आयताकृती चिरे, प्रत्येकाचा मधला भाग जणू पिरॅमिडसारखा पुढे आलेला. जवळ गेले की कळते, दगड नाहीच. सपाट गिलावा आहे आणि त्यावर ओरखडून काढलेल्या रेघा आहेत. आयताच्या चार कोपऱ्यांतून आत जाणाऱ्या तिरक्या रेघांमुळे प्रत्येक चिरा बंद पाकिटाच्या पाठीसारखा दिसतो, म्हणून गावातले लोक त्यांना लाडाने ‘छोटी पत्रे’ म्हणतात. अशी सुमारे 8,000 पत्रे या भिंतींवर आहेत आणि त्यांत एकासारखे दुसरे नाही, असे इथे अभिमानाने सांगितले जाते. सगळी पडताळून पाहणे माझ्याच्याने होण्यासारखे नव्हते. पण नजर पोचते तेवढ्या पट्ट्यात तरी हे खरे वाटते. एका पत्राच्या पोटात वेलबुट्टी, शेजारच्यात नुसती भौमितिक घडी, खालच्यात पानांचा गुच्छ, पलीकडे एखादा चेहरा. तिरपे ऊन भिंतीवर आले की ओरखड्याच्या कडा उजळतात, खोलगट भाग काळवंडतो, आणि हात कुठे थांबला, कुठे घाईने वळला तेही दिसते. काही रेघा पट्टी लावून मारलेल्या, काही मोकळ्या हाताच्या. मोकळ्या हाताच्या जास्त जिवंत आहेत, असे माझे मत. पट्टीच्या रेघेत चूक नसते, त्यामुळे तिच्यात माणूसही सापडत नाही.

या कामाला स्ग्राफितो म्हणतात आणि त्याची कृती साधी आहे. वीटकामावर आधी चुना-वाळूचा काळसर गिलावा द्यायचा, त्यात कोळशाची पूड किंवा राख कालवलेली. तो पुरता सुकायच्या आत वर पांढऱ्या चुन्याचा पातळ हात फिरवायचा, आणि तोही ओला असतानाच लोखंडी टोकाने नक्षी खरवडायची, म्हणजे खालचा काळा रंग वर येतो. दिवसभरात जेवढे खरवडता येईल तेवढाच गिलावा सकाळी घालायचा. उरला तर वाया. गोवा आणि दक्षिण कोकणातली कावी पाहिलेल्या माणसाला हे वाचताना ओळख पटेल. तिथे क्रम उलटा: खाली पांढरा चुना, बहुधा शिंपल्यांचा, त्यावर लाल काव मिसळलेला थर, आणि तो ओला असताना खरवडला की लालावर पांढरी नक्षी उमटते. एकाने दुसऱ्याकडून ही विद्या घेतली असे मी म्हणत नाही, तसे म्हणण्याला माझ्याकडे आधार नाही. पण दोन्हीकडचे दुखणे एकच आहे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा दगडासारखा होतो, तरी तो दगड नव्हे. पाऊस, थंडीत आत गोठणारे पाणी, भिंतीतून वर चढणारे क्षार यांनी तो सुटतो, फुगतो, पडतो. बोहेमियातल्या हिवाळ्यात बाहेरच्या भिंतीवरचा चुन्याचा थर कोणी हात न लावता चारशे वर्षे टिकेल, ही अपेक्षाच चुकीची. ज्या गवंड्याने असे काम स्वीकारले त्याला ते माहीत होते. दुरुस्ती ही या भिंतीच्या करारातच लिहिलेली होती.

ती दुरुस्ती 1970 आणि 80 च्या दशकांत कोणी केली, इथे गोष्ट रंगते. 1968 च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाड्यांनी प्राग स्प्रिंग ही मोकळिकीची चळवळ चिरडल्यावर चेकोस्लोव्हाकियात जो काळ आला त्याला सरकारी भाषेत ‘सामान्यीकरण’ म्हणत. नकोशा कलावंतांची प्रदर्शने बंद झाली. मूर्तिकार ओल्ब्राम झोउबेक त्यांतला एक. 1969 च्या जानेवारीत यान पालाख या विद्यार्थ्याने निषेध म्हणून स्वतःला पेटवून घेतले, तेव्हा त्याचा मृत्युमुखवटा गुपचूप घेणारा हाच. पालाखच्या थडग्यासाठी त्याने केलेला ब्राँझचा पत्रा सरकारने उचलून नेऊन वितळवला. झोउबेक, झ्देनेक पाल्त्सर, स्तानिस्लाव पोधराझ्स्की आणि वात्स्लाव बोश्तिक हे चौघे लितोमिश्लच्या भिंतींवर उभे राहिले ते जीर्णोद्धारक म्हणून. गॅलरीत ज्यांना जागा नव्हती त्यांना त्याच राज्याने परांचीवर चढवून राजवाड्याची भिंत दिली. पोटापाण्याचे काम होते, यात शंका नाही. पण पोटापाण्याचे काम म्हणून ते उरकलेले दिसत नाही. जिथे जुनी रेघ शाबूत होती तिथे त्यांनी ती राखली. जिथे पत्रातला मजकूर साफ गेला होता तिथे नवा काढला. अंगणाच्या आतल्या भिंतीवर तर मोठी चित्रे आहेत, कॉन्स्टंटाइन आणि मॅक्सेन्टियस यांच्यातली मिल्वियन पुलावरची लढाई, घोडी आणि भाले यांची गर्दी, सॅमसनची कथा. तिथे काम निराळे, जास्त जोखमीचे. पण मला ओढून घेतात ती बाहेरची पत्रेच. त्यांत सोळाव्या आणि विसाव्या शतकाचे हात शेजारी शेजारी बसले आहेत.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो तगडा आहे. इंग्रज कलासमीक्षक जॉन रस्किनने 1849 सालीच म्हणून ठेवले होते की जीर्णोद्धार नावाची गोष्टच खोटी आहे; मेलेला कारागीर परत येत नाही, तेव्हा त्याच्या कामाची जागा दुसऱ्याने भरणे म्हणजे इमारतीचा नाशच. सांभाळायची असेल तर डागडुजी करा, टेकू द्या, नाहीतर तिला सन्मानाने पडू द्या. या मताला तर्क आहे आणि त्यामागे राग आहे, आणि तो रागही खोटा नव्हता. रस्किनच्या डोळ्यांदेखत युरोपभर जुनी चर्चे खरवडून नवी केली जात होती. पण हा तर्क दगडाच्या मूर्तीला जसा लागू पडतो तसा चुन्याच्या भिंतीला पडत नाही. लितोमिश्लची भिंत रस्किनच्या उपदेशाप्रमाणे सोडून दिली असती तर आज तिथे काळवंडलेली वीट दिसली असती आणि पत्रांबद्दल आपण फक्त जुन्या वर्णनांत वाचले असते. दुसरे म्हणजे, ही भिंत पहिल्या दिवसापासून सोंगच आहे. फेरारात एका सरदारी महालावर खरेखुरे टोकदार संगमरवरी चिरे बसवलेले आहेत, हजारोंनी. बोहेमियातल्या सरदाराला तो थाट हवा होता आणि तो चुन्यावर रेघा मारून मिळवला. ज्या कामाचा जन्मच दगडाची नक्कल म्हणून झाला, त्याच्या दुरुस्तीला नक्कल म्हणून नाक मुरडण्यात अर्थ नाही. इथे जी गोष्ट अस्सल आहे ती ओल्या थरावर त्याच दिवशी, चूक न पुसता येईल अशा रीतीने मारलेली रेघ. ती झोउबेकच्या हातूनही त्याच रीतीने मारली गेली.

दुसरा आक्षेप जास्त व्यावहारिक आहे. 1964 च्या व्हेनिस सनदेत जीर्णोद्धाराला दोन अटी घातल्या आहेत: जिथे अंदाज सुरू होतो तिथे थांबायचे, आणि थांबता येत नसेल तर नवीन भाग आपल्या काळाची खूण घेऊन वेगळा ओळखू यायला हवा. लितोमिश्लचे चौघे यांत बसतात का? पहिल्या अटीत सरळ बसत नाहीत, कारण गेलेल्या पत्राच्या जागी नवीन पत्र काढणे हा अंदाजाच्या पलीकडचाच प्रकार, ती तर नवनिर्मिती. पण गंमत अशी की त्यामुळेच ते दुसऱ्या अटीच्या जवळ जातात. त्यांनी सोळाव्या शतकातला माणूस काय काढला असता याचे नाटक केले नाही. फ्रान्समध्ये व्हियोले-ल-द्युक या स्थपतीने कार्कासोनच्या तटबंदीवर उत्तरेकडच्या धाटणीची टोकदार छपरे चढवली, आणि ती मुळात तशी होती असे दाखवले. दक्षिणेतल्या त्या गावाला ती टोपी शोभते की नाही यावर आजही वाद होतो. कार्कासोन पाहणाऱ्याला एक गेलेला काळ दाखवला जातो, जो तसा बहुधा नव्हताच. लितोमिश्लला तसे होत नाही. पत्रांच्या चौकटीचा नियम जुना, आतली रेघ आपली. इथे एक गोष्ट मान्य करायला हवी: खाली उभ्या असलेल्या सामान्य प्रवाशाला नवे-जुने वेगळे करता येत नाही, आणि सनदेच्या अक्षराला हे धरून नाही. माझे उत्तर असे की ओळख पटवायची जागा फक्त भिंत नसते. इथे ही हकिकत झाकून ठेवलेली नाही. राजवाड्याच्याच तळघरात झोउबेकच्या मूर्ती मांडल्या आहेत, लांबुडक्या, हडकुळ्या, सोनेरी-शिसवी अंगाच्या. वर ज्याने दुसऱ्याच्या नावाने रेघ मारली त्याचे स्वतःचे काम खाली त्याच्या नावाने उभे आहे. ज्या इमारतीने आपल्या जीर्णोद्धारकाला इतकी जागा दिली तिच्यावर फसवणुकीचा आरोप टिकत नाही.

मग काहीही चालेल का, हा यापुढचा प्रश्न. आपल्याकडच्या वाचकाला तो आधी सुचेल, कारण आपण तो रोज पाहतो. कोकणातल्या एखाद्या देवळाची कावी असलेली भिंत पाडून स्लॅब टाकला जातो, गाभाऱ्याला गुळगुळीत टाइल लागते, लाकडी खांबांवर चकचकीत ऑइलपेंट चढतो, आणि सारे ‘जीर्णोद्धार’ याच नावाखाली, वर्गणी काढून, भक्तिभावाने होते. विश्वस्तांनी मला विचारले की लितोमिश्लला नवे चालते तर आमचे का नको, तर मी दोन गोष्टी दाखवीन. एक, साहित्य. चुन्याच्या भिंतीवर सिमेंट थापले की ओल बाहेर पडायची वाट बंद होते. पाणी आतच कोंडते, क्षार साठतात आणि काही वर्षांत सिमेंट जुन्या चुन्याला बरोबर घेऊन निखळते. म्हणजे अशा दुरुस्तीनंतर पुढच्या पिढीला दुरुस्त करण्यासारखे काही उरत नाही. चुन्यावर चुना चढला तर तो पुन्हा काढताही येतो आणि पुन्हा घालताही येतो. दोन, कसब. टाइल बसवणाऱ्याला कावी येत असण्याची गरज नसते. ओल्या थरावर खरवडणाऱ्याला मात्र ती विद्या शिकावीच लागते, आणि काम चालू असेपर्यंत ती विद्या जिवंत असते. देवळाच्या भिंतीवर नवा कलाकार नव्या लाल थरावर आजची नक्षी खरवडणार असेल तर माझा त्याला विरोध नाही, मग ती नक्षी जुन्या पुस्तकातून उतरवलेली नसली तरी. तशी माणसे थोडी आहेत आणि काम देणारे त्याहून थोडे, हे खरे दुखणे. श्रद्धेला मी दोष देत नाही. वर्गणीचे पैसे कशावर खर्च व्हावेत याबद्दल मात्र माझे मत पक्के आहे.

राजवाड्याच्या आत शिरले की माझ्या मुद्द्याला आणखी एक पुरावा मिळतो, थोडा हिरमोड करणारा. बाहेरून रेनेसान्स पाहून आलेला माणूस आत त्याच काळाची दालने शोधतो आणि त्याला मिळतात बऱ्याच अंशी अठराव्या शतकाच्या अखेरची, कारण 1775 च्या आगीनंतर, विशेषतः 1790 च्या दशकात, आतला कायापालट झाला. तोवर मालक बदलून गेले होते: पेर्नश्टेनांनंतर 1649 पासून ट्राउटमान्सडॉर्फ, मग वाल्डश्टाइन, 1855 पासून टुर्न-टाक्सिस, आणि 1945 साली ते घराणे जर्मन म्हणून वाडा सरकारजमा. प्रत्येकाने आपल्या सोयीने आत बदल केले. भिंतींना मुलामा, छताला रंग, खोल्यांना नवी वाटणी. यातला कुठला काळ ‘खरा’ म्हणायचा? सोळाव्या शतकाकडे परत जायचे ठरवले तर अठराव्याचे चांगले काम खरवडून टाकावे लागेल, आणि त्याखाली पेर्नश्टेनची दालने शाबूत सापडतील याची हमी कोणी देणार नाही. वारसा खात्याने तसे केले नाही, हे शहाणपणाचे झाले. दालनांबद्दल याहून जास्त सांगण्यासारखे नाही. अशी दालने मध्य युरोपात आणखीही आहेत आणि लितोमिश्लची त्यांत फार वरची नाहीत.

सांगण्यासारखे आहे ते राजवाड्यासमोरच्या बिअरच्या कारखान्याबद्दल. बिअर हे बोहेमियातल्या जहागिरीचे हुकमी उत्पन्न. जहागीरदाराची बिअर त्याच्या मुलुखातल्या गुत्त्यांना घ्यावीच लागे. वाड्याच्या झगमगाटामागे असा बराच पैसा होता. 1824 च्या 2 मार्चला या कारखान्याच्या भाडेकरूच्या घरात मुलगा जन्मला, बेद्रिख स्मेताना. वडील हौशी व्हायोलिनवादक. मुलगा सहा वर्षांचा असताना गावात पियानोवर जाहीर कार्यक्रमात वाजवून आला. 1831 मध्ये कुटुंब गाव सोडून गेले, आणि पुढे हाच मुलगा चेक राष्ट्रीय संगीताचा जनक म्हटला गेला. विनोद असा की त्याचे बालपण आणि शिक्षण जर्मन भाषेत झाले, आणि चेक भाषा त्याने मोठेपणी मेहनतीने कमावली. आज लितोमिश्लला येणाऱ्यांपैकी अनेकजण चान्सेलरसाठी येत नाहीत, बिअरवाल्याच्या मुलासाठी येतात. 1949 पासून ‘स्मेतानाचे लितोमिश्ल’ हा संगीत महोत्सव उन्हाळ्यात राजवाड्याच्या अंगणात होतो, स्मेतानाच्या ऑपेरा त्याच कमानींखाली गायल्या जातात, आणि पाऊस आला तर उघडमीट करणारे छप्पर अंगणावर ओढता येते. जहागीरदाराच्या अंगणात भाडेकरूच्या मुलाचे संगीत, हा न्याय इतिहासाने फार उशिरा केला, पण केला.

यावर कोणी म्हणेल की हा न्याय कसला, ही तर सरकारी जाहिरात. 1948 च्या फेब्रुवारीत कम्युनिस्टांनी सत्ता घेतली, पुढच्या वर्षी महोत्सव सुरू झाला, आणि तेव्हाचे शिक्षणमंत्री झ्देनेक नेयेदली हे लितोमिश्लचेच सुपुत्र, स्मेतानाचे कट्टर भक्त. नेयेदलींनी स्मेतानाला राष्ट्राचा एकमेव संगीतकार ठरवायचा हट्ट धरला आणि द्वोर्झाक या दुसऱ्या चेक संगीतकाराला आयुष्यभर दुय्यम ठरवत राहिले. हे सारे खरे आहे. शिवाय हा राजवाडा वेठबिगारीने आणि सक्तीच्या बिअरने पोसला गेला, हेही खरे. त्याच्या कौतुकात हा हिशेब बहुतेकदा गाळला जातो. पण इमारतीची मालकी कोणाची होती आणि ती कशाला वापरली गेली, यांवरून तिचा पुढचा उपयोग ठरत नाही. पेर्नश्टेनने अंगण बांधले ते पाहुण्यांना दिपवायला. नेयेदलींनी महोत्सवाला हात दिला तो राजवटीच्या सोयीने. 1994 च्या एप्रिलमध्ये चेक राष्ट्राध्यक्ष वात्स्लाव हावेल यांनी मध्य युरोपच्या सात देशांचे राष्ट्राध्यक्ष इथेच जमवले, तेव्हा तोच परिसर तिसऱ्या कामी आला, आणि ज्याने एके काळी त्याच राजवटीच्या तुरुंगात दिवस काढले होते त्याच्या निमंत्रणावरून. तोंडावर आपटलेल्या राजवटी गेल्या, त्यांनी सुरू केलेले कार्यक्रम गावाने आपले केले. गाव हे करू शकले, कारण अंगण बंद काचेच्या पेटीत ठेवलेले नव्हते.

तरीही माझा युक्तिवाद या राजवाड्यात एका ठिकाणी थांबतो, आणि ते मी टाळू शकत नाही. पश्चिमेकडच्या बाजूला तळमजल्यावर एक लाकडी नाट्यगृह आहे, 1796–97 मध्ये वाल्डश्टाइन घराण्याने हौसेसाठी केलेले. प्रेक्षक म्हणजे घरचे लोक, पाहुणे, नोकरचाकर. नटही बऱ्याचदा घरचेच. नेपथ्य मात्र व्हिएन्नाच्या दरबारचा चित्रकार योसेफ प्लात्सर याचे: राजवाडा, तुरुंग, जंगल, गाव अशा सोळा दृश्यांचे रंगवलेले पडदे आणि बाजूच्या फळ्या आजही शाबूत आहेत. असा संच जगात फार थोड्या ठिकाणी उरला आहे. इथे ‘पुन्हा काढा’ हे माझे सूत्र चालत नाही. चुन्याच्या भिंतीचा नियम हा होता की काम झिजणार आणि हात ते पुन्हा करणार. प्लात्सरच्या पडद्यावर पुन्हा रंग मारला तर उरेल ते फक्त रंग मारणाऱ्याचे. कापडावरचा पातळ रंग प्रकाशाने फिका पडतो, गर्दीच्या श्वासाच्या ओलीने सुटतो, पडदा रोज वर-खाली केला तर चिरतो. इथे जतन म्हणजे वापर कमी करणे, दिवा मंद ठेवणे, लोकांना थोड्या संख्येने आत सोडणे. ज्या माणसाने अंगणाबद्दल ‘वापरा’ आणि भिंतीबद्दल ‘पुन्हा खरवडा’ म्हटले तोच इथे ‘हात लावू नका’ म्हणतो आहे, आणि हे विसंगत वाटले तर ते मला मान्य आहे. साहित्य वेगळे म्हणून नियम वेगळा. त्यामुळे या इमारतीच्या व्यवस्थापनाला एकाच छपराखाली दोन उलट धोरणे चालवावी लागतात. बाहेरच्या भिंतीसाठी दर काही दशकांनी नवे गवंडी आणि नवे कलावंत तयार ठेवायचे, आतल्या नाट्यगृहासाठी शक्य तितकी माणसे दूर ठेवायची. पहिले काम खर्चाचे आहे आणि दुसरे कंटाळवाणे, आणि तिकिटाच्या पैशांत दोन्हींना पुरून उरेल इतका हिशेब कुठल्याच राजवाड्याचा जमत नाही.